मशीनचं फुस्स

सुनेचा कॉम्प्रेसर बसला आणि घरात जो तो डॉक्टर झाला.

मागच्या खोलीत सून कपाटांच्या दारांना रंगाचा फवारा मारते; हवेचं मशीन मात्र बाहेरच्या खोलीत, आमच्या ह्यांच्या खुर्चीआड. गिऱ्हाईक संध्याकाळी दारं न्यायला येणार, शेवटचा हात बाकी, आणि मशीन नुसतं घुमतंय. टाकी रिकामी असली की सुरू व्हायचं. एकदा भरून थांबलं की पुन्हा उठायचं नाव नाही. गिऱ्हाईक बजावून गेलेलं, "आज दारं मिळाली नाहीत तर उरलेलं काम दुसऱ्याला." पोरीचं पहिलंच मोठं काम. तिचं तोंड बघवत नव्हतं.

लेक माझा शिकलेला. त्याने मोबाइलवर बघून कपॅसिटर बदलला. मशीन घुमलं. चेक व्हॉल्व्ह बदलला. मशीन घुमलं.

"आता मोटारच नवी आणतो," म्हणाला.

"आण. टाकीपण आण. म्हणजे जुनी फक्त जागा राहील," मी म्हटलं.

आमचे हे त्याच खुर्चीत बसलेले. एरवी पंख्याचा स्क्रू ढिला झाला तरी भाषण ठोकणारा माणूस, आज मिठाची गुळणी धरून गप्प.

लेकाने टाकीतली हवा सोडून मशीन लावलं. भरलं, थांबलं. मी कान देऊन उभी.

"याचं फुस्स कुठे गेलं?"

"काय?"

"थांबलं की मागून वारा सोडायचं ते. व्याही येऊन गेल्यापासून सोडत नाही."

"आई, मला इथे मोटारीची पडलीय."

"पोटात वारा कोंडला तर तू तरी उठशील का?"

लेक हसला. सून हसली नाही. ती बॅटरी घेऊन खाली वाकली. बटणाच्या डबीखाली वारा सुटायचं बारीक तोंड असतं, तिथे तिने नख लावलं.

"आई, हे बुजवलंय. नळाची गळती थांबवायला मळून लावतात ना, तो मसाला."

तो मसाला घरात एकाच माणसाच्या कपाटात असतो, तोही कुलपात. सगळ्यांनी खुर्चीकडे बघितलं. हे चष्मा पुसायला लागले.

"व्याह्यांनी चहाचा कप उचलला," हे म्हणाले, "आणि नेमकं तेव्हाच, माझ्या पाठीमागे... त्यांनी माझ्याकडे बघितलं. विहीणबाईंनी खुर्ची सरकवली."

"मग सांगायचं, मशीन आहे म्हणून."

"असं सांगणाऱ्यावर कोण विश्वास ठेवतं?"

"आणि पोरगा पार्टवर पार्ट आणत होता तेव्हा?"

"वाटलं, एखाद्या पार्टने जमून जाईल."

शिंक आली तरी माफी मागणारा माणूस. अब्रू राखायला मशीनचं बूड बुजवलं, आणि सुनेचं काम बुडालं असतं ते निराळंच.

"बाबा, जरा सरका," एवढंच सून म्हणाली. टाकीतली हवा काढली, दाभणाने मसाला टोकरून टोकरून बाहेर पाडला. बटण दाबलं. मशीन भरलं, थांबलं, आणि ऐसपैस फुस्स केलं. पुन्हा दाबलं, पुन्हा उठलं. पोरीने तोंडाला फडकं बांधलं आणि शेवटचा हात मारायला घेतला.

संध्याकाळी गिऱ्हाईक आलं. दारं उजेडात तिरपी धरून बघितली, हात फिरवला. "उरलेलीही पाठवतो," म्हणालं. सून आत फवाऱ्याची बंदूक धूत होती. तेवढ्यात टाकी भरली, मोटार थांबली, आणि ह्यांच्या पाठीमागून लांबलचक फुस्स.

गिऱ्हाइकाने ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांनी विनवत होते, तू तरी सांग.

"मनावर घेऊ नका," मी गिऱ्हाइकाला म्हटलं. "वय झालंय त्यांचं."