शेवटचा वेढा

पुढचं दार खाली बसलं होतं. वरची बिजागरी चौकटीतून सुटली होती, दार फरशीला घासायचं आणि कडी लागायची नाही. मुलीने फोनवर फर्मानच काढलं.

"रविवारी येते आणि तुला घेऊन जाते. कडी न लागणाऱ्या घरात एकटी राहणार आहेस का?"

"दार बिघडलंय गं, मी नाही."

"दोघांचं वय सारखंच आहे," ती म्हणाली.

मागच्या खेपेला जावईबापूंनी दुरुस्ती केली होती. भोकं सैल झालेली बघून त्यांनी जाडे स्क्रू आणले. ते घट्ट बसले, पण त्यांची डोकी बिजागरीच्या खळग्यात बुडेनात. दार मिटताना त्या डोक्यांवरच अडायचं. जावईबापूंनी खांदा लावून रेटलं, "घ्या, झालं!" म्हणाले. जावयाला काय बोलणार? मीही रेटत राहिले, आणि शेवटी चौकटीचं लाकूडच उपसून आलं.

आमचे हे सुतारकाम करायचे. ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. भोक मोठं झालं तर भोक भरायचं, स्क्रू जाडा करायचा नाही, हे त्यांचं ठरलेलं. घरातलं कुठलंही काम असो, शेवटच्या स्क्रूचा शेवटचा वेढा ते ठेवून द्यायचे आणि हाक मारायचे, "अगं ये, तुझ्यावाचून अडलंय!" मी पिठाच्या हातांनी जाऊन तो आयता वेढा द्यायची. "आता मोडलं तर तुझ्यावर," म्हणायचे. पुढे ती हाक मुलीकडे गेली. स्टुलावर चढून, जीभ बाहेर काढून ती पिळायची, आणि मी रुसल्याचं नाटक करायची.

शनिवारी सकाळी मी त्यांची पेटी काढली. जुनी मासिकं खाली सरकवून दार उचलून धरलं. आगकाड्यांची गुलं मोडली, काड्या सरसात बुडवून भोकांत ठोकल्या, वर आलेली टोकं कापली. सरस वाळेपर्यंत दारापाशी बसले. बोलायला दुसरं कोणी नव्हतं, तर दाराशीच बोलले. मग जुन्याच जाडीचे पण लांब स्क्रू निवडले, त्यांचे आटे साबणावरून फिरवले आणि मनगट भरून येईपर्यंत पिळत गेले.

शेवटच्या स्क्रूला हात आपोआप थांबला. मी तशीच उभी राहिले. हाक मारणारं कोणी नव्हतं, आणि जिला मारावी अशीही घरात कोणी नव्हती.

रविवारी मुलगी माझ्या कपड्यांसाठी रिकामी बॅग घेऊन आली. बिजागरीपाशी थबकली.

"हा एक वर राहिलाय."

"राहिलाय खरा."

तिने माझ्याकडे बघितलं. स्क्रूड्रायव्हर घेतला आणि वेढा दिला. जीभ तशीच बाहेर.

"आता मोडलं तर माझ्यावर, नाही का?" एवढं म्हणून तिने नाक ओढलं. मग दार एका बोटाने ढकललं. मिटलं. कडी अलगद लागली. तिने पुन्हा काढून लावून बघितली.

चहा झाल्यावर रिकामी बॅग तिने तशीच खांद्याला अडकवली. "जिंकलीस, म्हातारे. मी बाहेरून ओढते, तू आतून कडी घाल."

मी कडी घातली आणि कान दिला. दार बिघडलेलं होतं तेव्हा फटीतून तिची पावलं पार जिन्याच्या तळापर्यंत ऐकू यायची. आज काहीच ऐकू येईना. दार इतकं नीट बसलं होतं.