क्रोआतोआनची सभा

क्रोआतोआन म्हणजे सभेचं गाव. नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. गावातल्या प्रत्येकाने, मेलेल्यांनीसुद्धा, आपापल्या चटईवरून 'जा' म्हटल्याशिवाय कुणी बेट सोडायचं नाही, असा रिवाजच होता. परक्यांची जहाजं येऊन गेली, त्यांच्यामागून ताप आला, आणि आता सभेला उरले तिघं: म्हातारा ओसाको, तासेन्का आणि तिची पाच वर्षांची पोर.

"काका, विचारा त्यांना," तासेन्का म्हणाली. "पोरीला घेऊन खाडीपलीकडे बहिणीकडे जाते. इथे राहिले तर हीसुद्धा हातची जाईल."

मेलेल्यांच्या वतीने बोलायचं काम ओसाकोचं. सभाघरात वर माळ्यावर गावच्या जुन्या प्रमुखांची सुकवलेली शरीरं, खाली हरणाच्या कातड्यावर हा, तीस वर्षं त्यांच्याशी पुटपुटत आलेला. खरं सांगायचं तर तीस वर्षांत एकानेही त्याला साधं 'हूं' केलं नव्हतं. हे त्याने बायकोलाही कधी कळू दिलं नाही.

त्याने डोळे मिटले. या दोघी गेल्या तर आपल्याशी बोलायला कोण?

"नको म्हणतात," तो म्हणाला.

"कोण?"

"सगळेच."

"माझा नवरासुद्धा? स्वतःच्या पोरीला मर म्हणतो? काही लाजबीज आहे का काका, भर दुपारी खोटं बोलताय!"

तो उसळून काही बोलणार, तेवढ्यात तिच्या नवऱ्याच्या रिकाम्या चटईवरून कुणीतरी खाकरलं. "जा." मग शेजारच्या चटईवरून. मग ओसाकोच्या बायकोच्या. "जा गं बाई, जा." शेवटी माळ्यावरून एकामागून एक कोरडे आवाज उतरले. ओसाकोने वर पाहिलं. इतकी वर्षं हे बोलू शकत होते!

तासेन्काने डोळे पुसले, पोरीला कडेवर घेतलं आणि दाराशी थबकली. खोटारडा असला तरी म्हातारा गावचाच होता.

"तुम्हीपण चला काका. विचारा त्यांना."

"मी जाऊ का?" त्याने विचारलं.

"जा," तासेन्का म्हणाली. "जा," पोर म्हणाली. पुढे कुणीच काही बोलेना. तो बायकोच्या चटईपाशी वाकला. "अगं, तू तरी बोल."

वारा फिरायच्या आत निघायला हवं होतं. तासेन्का निघाली. होडी दिसेनाशी झाली, तरी ओसाको एकेका चटईपुढे वाकून विचारत होता.