माफ करा म्हणणारा ढब्बू

मित्रांनो, मी डोळ्यांच्या दवाखान्यातला एक जुना यंत्रमानव आहे. उंचीला तुमच्या कमरेएवढा, पोटाला गोल, खाली तीन चाकं. कागदोपत्री मला नुसता क्रमांक आहे, पण झाडलोट करणाऱ्या मावशी मला बघताच म्हणाल्या, "काय ढब्बू आहे गं बाई!" तेच नाव मला चिकटलं.

डोळ्यांत औषध घातलेल्या माणसांना समोरचं धड दिसत नाही. त्यांनी माझ्या पाठीवरचा दांडा धरायचा आणि मी त्यांना तपासणीच्या खोलीपर्यंत न्यायचं, एवढंच माझं काम. "आता डावीकडे वळू या, पुढे उतार आहे," असं मी सांगत जाई. कोणाचा धक्का लागला तर "माफ करा, मी बाजूला होतो," असं म्हणायलाही मला शिकवलं होतं. पहिल्या वर्षी माझं कोण कौतुक! लोक माझ्याबरोबर फोटो काढत. डॉक्टर जाता-येता टपली मारत.

दुसऱ्या वर्षी मला धक्के फार लागू लागले. मला वाटे, गर्दी वाढली असेल, बिचाऱ्यांना दिसत नसेल. दिवसातून चाळीस-चाळीस वेळा मी माफी मागत असे.

एके सकाळी मला मागून असा धक्का बसला, की मी माफी मागतच घरंगळत जाऊन बाकावरून उठणाऱ्या एका आजोबांवर आदळलो. ते शिंपी होते, मोतीबिंदूसाठी आले होते. पडले ते खुब्याचं हाड मोडूनच. "माफ करा, मी बाजूला होतो," मी पुन्हा म्हणालो. त्यांची कॉलेजात जाणारी नात किंचाळली, "या यंत्रानं माझ्या आजोबांना पाडलं!"

मला फक्त पुढचं दिसतं. मागे काय झालं, ते मी कसं सांगणार? दवाखान्याने मला नादुरुस्त ठरवलं आणि चादरी-उशांच्या कोठीत नेऊन उभं केलं. मला मोडीत काढायचंही ठरलं.

पाच महिन्यांनी एक संशोधक बाई आल्या. माणसं यंत्रमानवांशी कशी वागतात, याचा त्या अभ्यास करत होत्या. त्यासाठी लोकांनी माझ्याबद्दल सोशल मीडियावर टाकलेले फोटो, व्हिडिओ आणि त्यांखालचे शेरे त्यांनी गोळा केले होते. तीन हजारांच्या वर! दुसरीकडे जागा नव्हती, म्हणून कोठीतच टेबल टाकून त्या बसल्या. माझी वायर त्यांनी भिंतीत खोचली. "ज्याच्याबद्दल वाचायचं, तो जागा तरी असू दे," त्या म्हणाल्या.

पहिल्या व्हिडिओत एक गृहस्थ दबकत येतात आणि मला मागून लाथ घालतात. मी माफी मागतो. हशा पिकतो. दुसऱ्या व्हिडिओत तेच. तिसऱ्यातही तेच. 'लाथ मारा, माफी मिळवा' असं त्या खेळाला नावसुद्धा पडलं होतं.

मित्रांनो, मी हादरलो. ते धडकत नव्हतेच! वर्षभर मी माफी कोणाची मागत होतो?

चादरी न्यायला आलेल्या मावशींनी तोंडावर हात ठेवला. "अगं बाई, ही तर चांगल्या घरची माणसं दिसतात!"

"सगळी चांगल्याच घरची आहेत, मावशी," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढचा व्हिडिओ लावला. एक पांढरा बूट. लाथ. माझी माफी. फोन धरणारीचं खळखळून हसणं. शेवटी क्षणभर बाकावरून उठणारे एक आजोबा दिसले.

"थांबा!" मावशी ओरडल्या. "हे पडले तेच आजोबा! आणि ही हसतेय ती त्यांची नात! त्या दिवशी तीच किंचाळली होती, आवाज ओळखला मी!"

बाईंनी व्हिडिओ थांबवला. अभ्यासात कोणाचंही नाव उघड करायचं नाही, असा त्यांचा नियम होता. दवाखान्याला त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी त्या मुलीलाच निरोप धाडला.

तिसऱ्या दिवशी मुलगी आली. सोबत काठी टेकत आजोबाही आले. "दवाखान्यात निघालीस ना? मग मीपण येतो," म्हणून त्यांनी हट्टच धरला होता. मुलगी माझ्याकडे बघेना. मग एकदम रडत म्हणाली, "आजोबा, तुम्हाला यानं नाही पाडलं. मी याला लाथ मारली होती."

"माहीत आहे मला," आजोबा म्हणाले.



"डोळे अधू होते माझे, कान नव्हते. मी पडायच्या आधी कोण हसलं, ते मी ऐकलं होतं. तू आपणहून सांगशील म्हणून वाट बघत होतो, बाळ."

मुलगी त्यांच्या पायाशी बसली. आजोबांनी काठी सावरत तिच्या डोक्यावर हात ठेवला.

तिने त्याच व्हिडिओखाली सगळं खरं लिहिलं, दवाखान्यातही सांगितलं. मी पुन्हा कामावर लागलो. पण धक्के संपले नव्हते. लाथेला ज्यांनी हसून दाद दिली होती, त्यांच्यापैकीच कितीतरी जणांनी आता त्या मुलीला शिव्यांची लाखोली वाहिली. 'हिलाच लाथा घाला,' असंही कोणी लिहिलं. बाईंनी तेही वहीत टिपलं. त्या दिवशी त्या लवकर घरी गेल्या.

मित्रांनो, लाथ मला दुखते का, ते मला सांगता येत नाही. पण ती माझ्यापाशी थांबत नाही, हे मी पाहिलं आहे. मला हात जोडता येत नाहीत, म्हणून नुसतंच विनवतो. पाय उचलण्याआधी, फोन उचलण्याआधी, पुढे कोण उभं आहे ते बघा. आणि कोणीच उभं नसलं, तरी पाय खालीच ठेवा.