वाढत्या अंगाचं

“हात वर कर. सरळ!” द्वारकाबाईंनी नातीचं कोपर धरून वर ताणलं. दुकानवाल्या बाईने तेच जर्मनमध्ये सांगितलं होतं आणि वीणाला ते कळलंही होतं. पण कुणी माप घेत असताना नुसतं बघत बसणं द्वारकाबाईंना जमत नसे.

बाईने बर्फावर चालायची लाकडी स्की वीणाशेजारी उभी धरली. टोक बरोबर मनगटाला टेकलं.

“गेनाऊ!” अगदी बरोबर, अशी मान डोलवत बाई हसली.

“फळ्याच की ह्या,” द्वारकाबाई म्हणाल्या. “आमच्याकडे कुणी ह्यांच्यावर पापड वाळत घालील.”

सून सुलेखा हसली आणि सामान बघू लागली. बांबूच्या काठ्या, चामडी बूट, फळ्यांना खालून लावायचं मेण, लोकरीचे मोजे. वीणाचा वर्ग शनिवारी हार्झच्या डोंगरात जाणार होता. उतारावरून घसरायचं नाही, सपाटीवर जंगलातून चालत जायचं, असं लेकाने, श्रीपादने, परत परत सांगितलं तेव्हा कुठे द्वारकाबाईंनी परवानगी दिली होती. जर्मनीत ब्राउनश्वाइगला त्या त्याच्याकडे पाहुण्या होत्या, तरी परवानगी त्यांचीच लागे.

शिवाय हा एवढाच तर हिवाळा. चैत्रात श्रीपादची डॉक्टरेट संपली की सगळ्यांनी मिळून बोटीने परत जायचं ठरलं होतं. वाईच्या शाळेत त्या वीणाचं नाव घालून आल्या होत्या. जागा नाही म्हणाले, तेव्हा पायरीवर ठाण मांडून जागा करायला लावली होती.

श्रीपाद दुकानवाल्या बाईशी हळू आवाजात काही बोलला. तिने मान हलवली, नाराजीने आत गेली आणि दुसरी जोडी घेऊन आली. तिचं टोक वीणाच्या बोटांच्याही वर वीतभर गेलं.

“अरे, ह्या कुणाला? तुला?”

“वीणालाच.” श्रीपाद खाली वाकून तिच्या बुटाची नाडी सोडवत होता. “त्या लगेच लहान होतील, आई. वाढत्या अंगाचं घ्यावं. तूच नाही का आमचे सदरे मोठे शिवायचीस?”

“सदरा पुढल्या वर्षी घालायचा असतो, म्हणून...”

द्वारकाबाई थांबल्या. सुलेखाने हातातला मोजा उलटा केला, मग सुलटा केला.

“श्रीपाद, वाईला बर्फ कधीपासून पडायला लागला रे?”

नाडीची गाठ काही सुटेना.

“आई, घरी गेल्यावर सांगणारच होतो तुम्हाला,” सुलेखा म्हणाली. “ह्यांना संस्थेत...”

“तू नको बोलूस. जीभ मी ह्यालाही दिली आहे.”

“इथेच नोकरी मिळाली, आई,” श्रीपाद खाली बघूनच म्हणाला. “ऑगस्टमध्येच नक्की झालं. पत्रात कसं लिहू, ते कळेना.”

ऑगस्टमध्ये. मुंबईला त्या बोटीत चढल्या तेव्हा गणपती होऊन गेले होते.

“म्हणजे न्यायला आले मी,” त्या सावकाश म्हणाल्या, “आणि तू मला थंडी दाखवायला बोलावलंस.”

दुकानवाली बाई एकदा श्रीपादकडे, एकदा द्वारकाबाईंकडे बघत उभी होती. भाषा कळत नसली तरी तिने बिल लिहायची पेन्सिल खिशात ठेवली.

द्वारकाबाई पुढे झाल्या. लहान जोडी उचलून त्यांनी वीणापुढे उभी केली आणि बाईला ठासून सांगितलं, “ह्या.” मराठीतच.

“नाइन, नको आजी!” वीणाने मोठ्या फळ्या छातीशी ओढल्या, टोक गाठायला हात उंच केला आणि चवड्यांवर उभी राहिली. “शाऊ माल! बघ!”

द्वारकाबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून हलकेच खाली दाबलं. टाचा जमिनीला टेकल्या. हात काढला, तशा पुन्हा वर आल्या.

पोर डगमगत होती, पण हात खाली घेत नव्हती. श्रीपाद उभा राहून काहीतरी म्हणाला. त्याच्याकडे न बघता द्वारकाबाईंनी हात परत पुढे नेला आणि नातीच्या पाठीला लावून धरला.