टेबलाखालची जागा

लेकीनं चित्र उलटं धरलं, सुलटं धरलं, खिडकीशी नेऊन पाहिलं.

"कसंही धरा, डोक्यावरूनच जातं!" औषधांचा ट्रे घेऊन आलेली नर्स हसली. "आजींचा हात सुरेख आहे हो. कोणी शिकवलं नाही की काही नाही. पण हे कपाट बघा, पार आभाळाला टेकलंय. दाराची कडी छताजवळ! आणि टेबल? नुसते पाय. वर काय ठेवलंय, पत्ताच नाही."

खाटेवर बसलेली आई लाल खडूवरचा कागद सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

लेक जेमतेम तीन वर्षांची असताना आईला या मनोरुग्णालयात आणलं. बाबा होते तोवर त्यांनी लेकीला इकडे फिरकू दिलं नाही. आता ती दर रविवारी येते आणि आई तिला "या, बाई" म्हणते. मी कोण, ते ओळखतेस का? एवढंच विचारायचं ठरवून ती येते आणि न विचारताच जाते.

लेक बालवाडीत शिकवायची. मुलांचं चित्र बघायचं तर आधी त्यांच्याशेजारी खाली बसायचं, ही तिची जुनी खोड. चित्र खाटेच्या कडेला टेकवून तिनं फरशीवर बसकण मारली.

"अहो, फरशी गार आहे. खुर्ची घ्या की!"

लेकीला ऐकूच गेलं नाही. खालून पाहिलं तर चित्रात काहीच चुकलं नव्हतं. लहानपणी घरातलं कपाट तेवढंच उंच होतं. कडीला हात पुरत नसे. आणि टेबलाच्या फळीला खालून, कोपऱ्यात, लाल खडूचा एक वेडावाकडा सूर्य होता.

पाहुणे आले की छोटी लेक त्या टेबलाखाली दडायची. तो सूर्य तिनंच काढला होता. ओरडा बसेल म्हणून कोणाला सांगितलं नव्हतं, आणि वाकून बघायला मोठ्यांना सवड कुठे असते?

"हा सूर्य..." तिनं त्यावर बोट ठेवलं. "हा तुला कुठे दिसला?"

आईनं खडू उशीखाली ठेवला. खाट करकरली. गुडघ्यांवर हात टेकत ती फरशीवर उतरू लागली.

"आजी, हळू! पडाल!"

"सरक गं जरा," आई म्हणाली. "तेव्हाही सगळी जागा तूच अडवायचीस."