बाईंच्या भुवया मी पाहिल्या होत्या

मी एक जुना हातआरसा आहे, मित्रांनो, आणि मला एका गोष्टीची फार चुटपुट लागून राहिली आहे. कारखान्यात माझ्या पाठीवर चांदीचा मुलामा चढला आणि मी थेट त्वचेच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात आलो. माझ्याबरोबरचे आरसे केस कापायच्या दुकानांत गेले. त्यामुळे माझं नाक जरा वरच होतं.

चेहऱ्यावर वय दिसू लागलेली माणसं तिथे येत. डॉक्टर मला त्यांच्या हातात देत आणि म्हणत, "काय खटकतं ते बोटाने दाखवा." कुणी मान ताणायचं, कुणी उगाच पोट आत घ्यायचं, जणू तेही माझ्यात दिसणार होतं! मग डॉक्टर समजावत. कपाळावर आठ्या पडत असतील तर तिथला स्नायू सैल करणारं इंजेक्शन. गाल बसले असतील तर भर घालणारं, म्हणजे फिलर. पण त्यांचा एक नियम होता. आरसा हातात असताना पेशंटने बोलायचं नाही. गप्प राहिलं की निवड नीट होते, असं ते म्हणत. मलाही ते पटायचं, कारण सगळं लक्ष माझ्याकडे असायचं.

एकदा एक बाई धाकट्या बहिणीला घेऊन आल्या. त्या ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत शिकवत. फॉर्मवर त्यांनी नुसतं 'शिक्षिका' लिहिलं. आदल्या आठवड्यात एका नव्या पालकाने त्यांनाच विचारलं होतं, "आजी, वर्गाच्या बाई कुठे भेटतील?" बाई हे हसत हसत सांगत होत्या, पण ते त्यांच्या जिव्हारी लागलं होतं.

डॉक्टर हात धुवायला गेले, तेवढ्यात बाईंनी मला समोर धरून उद्याचा धडा खुणांच्या भाषेत घोकायला घेतला. तोंडातून शब्द नाही. एका हाताची बोटं चालत होती आणि भुवया तर नुसत्या नाचत होत्या. वर गेल्या की प्रश्न. जवळ आल्या की 'कळलं नाही, पुन्हा सांग'.

"आमच्या वर्गात एक नवी छोकरी आहे ना," त्या बहिणीला म्हणाल्या, "तीन महिने ढिम्म बसली होती. आता मी असं केलं की उत्तर देते." आणि त्यांनी भुवया उंच केल्या.

"हं," बहीण म्हणाली. तिचं डोकं फोनमध्ये होतं. पाहिलं ते फक्त मी.

डॉक्टर परत आले. "आता बोलू नका, नुसतं बघा," ते म्हणाले. "फिलर नकोसं झालं तर विरघळवता येतं. कपाळाचं इंजेक्शन तीन-चार महिने राहतं, पण त्यावर उतारा नाही. असर जाईपर्यंत थांबावं लागतं."

"ताई, कपाळच कर," बहीण म्हणाली. "आठ्यांमुळेच आजी दिसतेस तू."

बाईंनी आधी गालावर बोट ठेवलं, मग ते कपाळावर नेलं. मला ओरडावंसं वाटलं. पण मी पडलो आरसा. समोर होता तो स्थिर चेहरा दाखवला आणि गप्प बसलो.

पंधरा दिवसांनी बाई तपासणीला आल्या. कपाळ अगदी गुळगुळीत. डॉक्टर खूश झाले.

"डॉक्टर, मी प्रश्न विचारतेय हेच मुलांना कळत नाही," बाई म्हणाल्या. "मोठी मुलं सांभाळून घेतात. पण ती छोटी काल उठून जवळ आली आणि दोन्ही अंगठ्यांनी माझ्या भुवया वर ढकलायला लागली. नाही राहिल्या. मग जागेवर जाऊन बसली. तेव्हापासून उत्तर देत नाही. रागावले नाही गं, असं हातांनी किती वेळा सांगितलं. पण चेहरा तसं म्हणतच नव्हता."

डॉक्टरांनी त्यांचा फॉर्म पुन्हा काढून पाहिला. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्हीच म्हणालात, बोलू नका."

चार महिन्यांनी बाई पुन्हा आल्या, नुसत्या दाखवायला. भुवया उठत होत्या, आठ्याही परतल्या होत्या. डॉक्टरांनी त्या मुलीबद्दल विचारलं. "वडिलांची बदली झाली," बाई म्हणाल्या. "मागच्याच आठवड्यात गेली, शेवटपर्यंत उत्तर न देता. नवा पत्ताही शाळेत दिला नाही." आणि मला उलटं करून त्यांनी टेबलावर ठेवलं.

आता डॉक्टर आधी विचारतात, "दिवसभर तुमचा चेहरा काय काम करतो?" चेहरे टॅबवर दाखवतात, आणि मी कापसाच्या गुंडाळीशेजारी खणात पडलेला असतो. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. मला पुसा, जपा, असंही मी म्हणणार नाही. एवढंच मागतो, मित्रांनो, की कुणी काही निवडत असेल आणि त्याला न दिसलेलं तुम्हाला दिसलं असेल, तर तोंड उघडा. गप्प बसायला सांगितलं तरी उघडा. तुम्हाला तोंड आहे. ती मुलगी बाई आपल्यावर रागावल्या असं समजूनच गेली, आणि तिला खरं काय ते सांगायला आता तिचा पत्तासुद्धा कुणाकडे नाही.