सगुणाबाईचे वाल, ईश्वरीचं पकवान

करिष्मानं बदलापूर स्टेशनाबाहेरच्या गाडीवरून वालपकवान आणलं, तेव्हा सगुणाबाई ओटीवर बसून वाल सोलत होत्या. नातीनं पुडा पुढ्यात ठेवला. "खाऊन बघ गो आजी. आता अंबरनाथलाही मिळतं. रांग लागते नुसती."

सगुणाबाईंनी तुकडा मोडला, बिरड्यात बुडवला, तोंडात टाकला. मग म्हणाल्या, "हे आम्ही काढलं. मी आणि ईश्वरीनं."

करिष्मा हसली. आजी हसली नाही.

तेव्हा सगुणाबाई तिशीच्या होत्या. चामटोलीहून भाजीची पाटी घेऊन रोज उल्हासनगरच्या एक नंबर कॅम्पात जायच्या, ईश्वरीच्या दाराशी बसायच्या. ईश्वरी सिंधी. सकाळी मैद्याची कडक पकवानं तळायची आणि चण्याच्या डाळीबरोबर विकायची. एके दिवशी नवऱ्याला दम्याची उबळ आली, ती आत धावली आणि इकडे स्टोव्हवरची डाळ करपली. बाहेर गिऱ्हाइकं उभी. ईश्वरी कपाळाला हात लावून बसली. सगुणाबाईंनी मुकाट्यानं आपला जेवणाचा डबा उघडला. कडव्या वालांचं बिरडं होतं, चांगलं ओलं खोबरं घातलेलं. त्यांनी ते पकवानावर वाढलं. तिघांना पुरलं. त्या दिवशी सगुणाबाई नुसती भाकरी मिरचीशी खाऊन परतल्या.

दुसऱ्या दिवशी त्या तिघांतला एक जण परत आला. "वो कलवाला वाल है क्या?"

झालं! सगुणाबाईंची भाजीची पाटी सुटली. त्या घरून सोललेले वाल न्यायच्या, ईश्वरी पकवानं तळायची. अकरा वर्षं दोघी एका स्टोव्हाशी बसल्या. एकीला सिंधी येईना, दुसरीला आगरी कळेना, तरी बोलणं कधी संपलं नाही.

मग ईश्वरीचा नवरा गेला आणि मुलानं तिला राजस्थानात भिलवाड्याला न्यायचं ठरवलं. हे सगुणाबाईंना कळलं ते शेजारणीकडून. 'मना आधी सांगितलं नाय,' या रागानं ती निघायच्या दिवशी त्या गेल्याच नाहीत. घरी बसून वाल सोलत राहिल्या. ते वाल कुणी खाल्ले, हेही त्यांना आठवत नाही.

"पत्ता घेतला नाहीस?" करिष्मानं विचारलं.

"कुणाकडून घेणार?"

करिष्मा तशी हट्टी. दोन रविवार तिनं कॅम्पात घालवले. ईश्वरीच्या घराच्या जागी सात मजली इमारत उभी होती. पण समोरच्या कापडवाल्याकडे मुलाचा नंबर सापडला. तिनं फोन लावला, मुलाला तो ईश्वरीकडे द्यायला सांगितला आणि आजीच्या कानाला धरला.

"ईश्वरी? मी सगुणा."

पलीकडून ईश्वरीचाच आवाज आला, "तू उस दिन आई नहीं."

"रागात होते."

"मैंने टेम्पो एक घंटा रुकवाया था. लडका चिल्लाता रहा. मैं बोली, वो आएगी."

 सगुणाबाईंनी पदर तोंडाला लावला. मग विचारलं, "सांगितलं का नाय गो मना?"

"बोलती तो तू जाने देती?"

ते मात्र खरं होतं. सगुणाबाईंनी खरंच जाऊ दिलं नसतं.

"इधर वो कडवे वाल मिलते नहीं," ईश्वरी म्हणाली. "बहू को समझाती हूँ, उसको समझता नहीं."

त्याच आठवड्यात सगुणाबाईंनी दोन किलो वाल निवडून, कापडी पिशवीत शिवून पाठवले. सोबत करिष्माकडून चिठ्ठी लिहवली : रात्रभर भिजव, मोड येऊ दे, खोबरं शेवटी. ईश्वरीला हे ठाऊक होतं, पण लिहिल्याशिवाय त्यांना राहवेना.

वाल पोचल्याचा फोन आला. दात उरले नाहीत, म्हणून ईश्वरीनं पकवान बिरड्यात भिजवून खाल्लं म्हणे.

परवा सगुणाबाईंनी नातीला विचारलं, "भिलवाडा किती लांब गो?"

"पंधरा-सोळा तास. तुझे गुडघे बघ आधी."

सगुणाबाईंनी गुडघ्यांवर हात फिरवला. "बसूनच जायचंय ना," त्या म्हणाल्या, "चालत थोडीच जायचंय?"